प्लाझ्मा सगळीकडे आहे, म्हणून तो कारण आहे का?

या मालेच्या बऱ्याच श्रोत्यांनी मला एकाच आशयाच्या चित्रफिती आणि लेख पाठवले आहेत. त्यांचा गाभा थोडक्यात असा. विश्वातल्या दिसणाऱ्या द्रव्यापैकी जवळजवळ नव्याण्णव टक्के प्लाझ्मा आहे. प्लाझ्मावर विद्युत आणि चुंबकीय बलांची सत्ता चालते, आणि ही बलं गुरुत्वाकर्षणापेक्षा अफाट मोठी आहेत. म्हणून दीर्घिका, दीर्घिकांचे समूह आणि त्या समूहांचं विश्वभर पसरलेलं जाळं हे सगळं विजेच्या प्रवाहांनी विणलेलं आहे. कृष्णद्रव्य, महास्फोट वगैरे नुसत्या कल्पना. आणि शेवटी एक शेपूट असतंच, की शास्त्रज्ञांना हे ठाऊक आहे, पण ते बोलत नाहीत.

मी भौतिकशास्त्राचा माणूस नाही. आयुष्यभर तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवलं. पण हा एक युक्तिवाद आहे, आणि युक्तिवाद तपासणं हे माझ्या खात्यातलं काम. त्यातली पहिली दोन विधानं बव्हंशी खरी आहेत, हे आधीच सांगून टाकतो. अडचण आहे ती 'म्हणून' या शब्दात.

प्लाझ्मा म्हणजे काय ते पटकन सांगतो. वायू पुरेसा तापला की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. सुटे इलेक्ट्रॉन आणि मागे राहिलेले धनभारित आयन यांचं जे मिश्रण, त्याला इर्विंग लँगम्यूरने १९२८ साली प्लाझ्मा हे नाव दिलं. सूर्य प्लाझ्मा, तारे प्लाझ्मा, दीर्घिकासमूहांमधला कोट्यवधी अंश तापलेला वायू प्लाझ्मा. कोणत्या तापमानाला आणि किती घनतेला किती अणू फुटतील याचं सूत्र मेघनाद साहांनी १९२० साली दिलं, आणि ते आजही जगभर त्यांच्याच नावाने शिकवलं जातं. त्या सूत्राकडे आपण परत येणार आहोत.

या मताचा मूळ पुरुष मोठा माणूस होता, हेही सांगायला हवं. हानेस आल्फ्वेन, स्वीडनचे. प्लाझ्मामध्ये चुंबकीय लहरी असू शकतात हे त्यांनी १९४२ मध्ये मांडलं, तेव्हा बराच काळ कोणी मनावर घेतलं नाही. पुढे ते मान्य झालं आणि १९७० साली त्यांना नोबेल मिळालं. आल्फ्वेन यांनी ऑस्कर क्लाइन यांच्या जोडीने विश्वाचीही एक उपपत्ती मांडली होती. विश्वात द्रव्य आणि प्रतिद्रव्य निम्मं-निम्मं आहे आणि प्लाझ्मा त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो, अशी ती कल्पना. पण मग त्यांच्या सीमांवर द्रव्य-प्रतिद्रव्य एकमेकांना नष्ट करणार, आणि त्यातून गॅमा किरण निघणार. तेवढे गॅमा किरण आकाशात नाहीत. ती उपपत्ती तिथेच अडली. त्यांच्या अनुयायांचा आवडता मुद्दा असा, की आल्फ्वेनना एकदा लोक हसले होते आणि ते बरोबर निघाले, म्हणजे आताही ते बरोबर असणार. हसले गेलेले सगळेच बरोबर निघाले असते तर आपल्याला प्रयोगशाळांची गरजच उरली नसती.

आता मूळ युक्तिवाद. आज आपण मुळशीत बसलो आहोत, तर उदाहरण इथलंच घेऊ. मुळशीचा जलाशय वरून काढलेल्या छायाचित्रात पाहिलात का? हाताची बोटं फाकावीत तसा तो दऱ्यादऱ्यांतून शिरलेला दिसतो. आता मला सांगा, तो जलाशय कशाचा आहे? पाण्याचा. किती टक्के? शंभर टक्के. मग त्याचा आकार पाण्याने ठरवला का? नाही. आकार ठरवला सह्याद्रीच्या दऱ्यांनी, आणि टाटांनी बांधलेल्या भिंतीने. (त्या भिंतीखाली कोणाच्या जमिनी गेल्या आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांनी कशासाठी सत्याग्रह केला, हे या तालुक्यात मी सांगायची गरज नाही.) एखादी वस्तू कशाची बनली आहे हा एक प्रश्न, आणि तिला हा आकार कशाने आला हा दुसरा प्रश्न. 'नव्याण्णव टक्के प्लाझ्मा' हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. ते दुसऱ्या प्रश्नाखाली लिहून दिलं तर गुण मिळत नाहीत.

आपल्या नैयायिकांनी हा फरक फार बारकाईने पाहिला होता. घट तयार होण्याआधी कायकाय हजर असतं? माती असते, दंड असतो, चाक असतं, कुंभार असतो. पण दंडाचा रंगही असतो, कुंभाराचा बापही कधीतरी होऊन गेलेला असतो, माती वाहून आणणारं गाढव असतं, आणि आकाश तर असतंच असतं. ही सगळी घटाची कारणं म्हणायची का? विश्वनाथ पंचाननांच्या भाषापरिच्छेदात अशा गोष्टींचे पाच प्रकार केले आहेत आणि त्यांना नाव दिलं आहे 'अन्यथासिद्ध'. हजर आहेत, पण कारण नाहीत. त्यातलं आकाशाचं उदाहरण आज फार उपयोगाचं आहे. नैयायिकांचं तिथलं नेमकं म्हणणं असं, की आकाश हे शब्दाचं कारण म्हणून आधीच सिद्ध झालेलं असतं, त्याला पुन्हा घटाचं कारण मानण्याची गरज नाही. मी त्यात माझ्या पदरचं थोडं घालतो. जे सगळीकडे आणि सदासर्वदा असतं, त्याच्यावर कारणाचा आरोप सिद्ध करणं सर्वांत अवघड. कारण सिद्ध करायला अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही लागतात. 'ते आहे तिथे हे आहे' एवढ्याने भागत नाही. 'ते नाही तिथे हे नाही' असंही दाखवावं लागतं. आकाश नाही अशी जागा कुठून आणणार?

प्लाझ्मावादाची अडचण नेमकी ही आहे. 'प्लाझ्मा सगळीकडे आहे' हे त्यांना आपलं बळ वाटतं. तर्कशास्त्राच्या दृष्टीने ती त्यांची पंचाईत आहे.

मग व्यतिरेकाची जागा विश्वात कुठे सापडेल? प्लाझ्मा एकीकडे आणि दीर्घिका दुसरीकडे, असं कुठे दिसेल? सापडली अशी जागा. दक्षिण आकाशात, सुमारे चार अब्ज प्रकाशवर्षांवर, दीर्घिकांचे दोन समूह एकमेकांवर आदळून आरपार गेले आहेत. एकातला तप्त वायू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा दिसतो म्हणून त्याला 'बुलेट क्लस्टर' म्हणतात. चंद्रा ही क्ष-किरण दुर्बीण, आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांच्या नावाची, तिने तिथला प्लाझ्मा टिपला. समूहातलं साधं द्रव्य बहुतांश या प्लाझ्मातच असतं. ताऱ्यांत त्याच्या कितीतरी कमी. टक्कर झाली तेव्हा प्लाझ्मा प्लाझ्मावर आदळला, त्यात धक्कालहर उठली आणि तो मध्येच अडकून मागे राहिला. दीर्घिका मात्र विरळ असल्याने एकमेकींमधून निघून पुढे गेल्या. आता प्रश्न असा, की वस्तुमान कुठे आहे? मागून येणारा प्रकाश कुठे किती वाकतो यावरून ते मोजता येतं. २००६ साली मोजलं. वस्तुमान प्लाझ्माबरोबर मागे राहिलेलं नव्हतं. ते पुढे गेलेल्या दीर्घिकांच्या आसपास होतं, आणि दीर्घिकांतल्या सगळ्या ताऱ्यांच्या मानाने कितीतरी जास्त होतं.

याचा अर्थ नीट पाहा. दीर्घिकांना एकत्र बांधणारी दोरी जर प्लाझ्मामधल्या प्रवाहांची असती, तर प्लाझ्मा मागे राहिल्यावर दीर्घिकाही विस्कटायला हव्या होत्या. तसं झालं नाही. प्लाझ्मा निघून गेला, बांधणी राहिली. कुंभाराचं गाढव घरी गेलं आणि मडकं घडतच राहिलं.

आता विद्युत बलाच्या मोठेपणाबद्दल. एक इलेक्ट्रॉन आणि एक प्रोटॉन घेतले तर त्यांच्यातलं विद्युत आकर्षण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १ वर ३९ शून्यं इतक्या पट आहे. आकडा खरा आहे. तो ऐकला की माणूस गप्पच होतो! पण विद्युतभाराच्या वहीत जमा आणि खर्च असे दोन रकाने आहेत. मोठ्या हिशेबात ते एकमेकांना खोडतात. गुरुत्वाकर्षणाच्या वहीत फक्त जमा. ते थेंबाथेंबाने साठतच जातं. म्हणून अणूत वीज जिंकते आणि ग्रहताऱ्यांत गुरुत्वाकर्षण.

आल्फ्वेनपंथी यावर चांगलं उत्तर देतात, ते लपवून चालणार नाही. ते म्हणतात, भार खोडला गेला तरी प्रवाह उरू शकतो, आणि प्रवाह असला की चुंबकीय क्षेत्र येतं. बरोबर आहे. इथे तर्काचं काम संपतं, मोजावंच लागतं. आणि मोजण्याचं हे काम ज्या ठिकाणी झालं त्यातली काही इथून फार लांब नाहीत.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, तारांच्या जाळीच्या, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या. तिच्या मूळ उद्दिष्टांपैकी एक होतं अतिदूरच्या, अजून समूह बनायच्या बेतात असलेल्या उदासीन हायड्रोजनचा शोध. उदासीन, म्हणजे जो प्लाझ्मा नाही तो. गंमत अशी की दीर्घिकासमूहांमधला प्लाझ्मा ज्या मंद रेडिओ तेजाने झळकतो, ते पाहायलाही ही दुर्बीण फार उपयोगी पडली. दीर्घिकासमूहांच्या मध्यभागी पसरलेली ही रेडिओ वलयं शोधण्याची एक मोठी पाहणी हिच्यावरच झाली.

आणि पुण्यात आयुकामध्ये जयदीप बागची यांनी अनेक वर्षं या विषयात घालवली. २००६ साली 'सायन्स' नियतकालिकात त्यांचा आणि सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. एबल ३३७६ नावाच्या दीर्घिकासमूहाभोवती त्यांना रेडिओ तरंगांत चमकणाऱ्या प्रचंड कमानी दिसल्या, अंगठीचे तुकडे असावेत तशा. निरीक्षणं अमेरिकेतल्या 'व्हेरी लार्ज ॲरे'ची होती. अंगठीचा विस्तार सुमारे साठ लाख प्रकाशवर्षं. आपली सगळी आकाशगंगा एक लाख प्रकाशवर्षांच्या आसपास, म्हणजे अंदाज करा. ही चमक येते कशी? प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्राभोवती गिरक्या घेतात आणि रेडिओ तरंग सोडतात. शुद्ध प्लाझ्माची करामत. आता प्लाझ्मावादी म्हणतील, बघा, आम्ही सांगत नव्हतो?

थांबा. इलेक्ट्रॉनना एवढा वेग दिला कोणी? समूह घडताना वायू आणि छोटे समूह आत कोसळतात, त्यातून धक्कालहरी उठतात, त्या लहरींवर कण वेगावतात. कोसळवतं कोण, तर गुरुत्वाकर्षण. मुळशीचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली भिऱ्याला पडतं आणि तिथे वीज तयार होते. मुंबईत दिवा लागला की तो विजेचाच दिवा असतो, यात वाद नाही. पण ती वीज पाण्याच्या पडण्यातून आली. एबल ३३७६ भोवतीचा रेडिओ प्रकाश हा त्या अर्थाने भिऱ्याची वीज आहे.

मोजमापं काय सांगतात? आपल्या पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास. दीर्घिकासमूहांत ते मायक्रोगॉसमध्ये मोजतात, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या लाखांश भागाच्याही खाली. तिथल्या तप्त वायूच्या दाबाशी तुलना केली तर चुंबकीय दाब काही टक्क्यांपलीकडे जात नाही. समूहांना जोडणाऱ्या लांबच लांब तंतूंमध्ये क्षेत्र याहूनही क्षीण. २०१९ मध्ये युरोपातल्या लोफार दुर्बिणीने दोन समूहांना जोडणारा एक रेडिओ पूल पाहिला. तिथे चुंबकीय क्षेत्र आहे हे नक्की. पण 'आहे' आणि 'घडवतं' यांत अंतर आहे. क्षेत्र जाळ्यातून वाहतं, जाळं विणत नाही. निदान आजच्या मोजमापांप्रमाणे तरी नाही.

एरिक लर्नर यांचं 'द बिग बँग नेव्हर हॅपन्ड' हे १९९१ चं पुस्तक या पंथाचा प्रमुख ग्रंथ. २०२२ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीची छायाचित्रं आली तेव्हा त्यांनी तोच मुद्दा पुन्हा मांडला आणि पुन्हा गाजवला. त्या पुस्तकाचा सर्वांत वजनदार युक्तिवाद महासमूहांविषयी आहे. दीर्घिका काही शे किलोमीटर प्रति सेकंद वेगाने इकडेतिकडे सरकतात. महासमूह कोट्यवधी प्रकाशवर्षं पसरलेले. एवढं अंतर या चालीने तोडायला महास्फोटानंतरच्या काळाच्या कितीतरी पट काळ लागेल. म्हणून विश्व त्याहून फार जुनं आहे.

हा मुद्दा आपल्या दारापर्यंत येतो. जुलै २०१७ मध्ये बागची, त्या वेळी पुण्याच्या आयसरमध्ये असलेले शिशिर सांख्यायन आणि इतर सहकाऱ्यांनी एक महासमूह जाहीर केला. त्याला नाव दिलं 'सरस्वती'. अंतर सुमारे ४ अब्ज प्रकाशवर्षं, विस्तार सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षं, वस्तुमान सूर्याच्या २ वर १६ शून्यं इतक्या पट. त्यात निदान ४३ समूह. एवढं मोठं काही इतक्या पूर्वी तयार झालेलं असणं प्रचलित सिद्धांतालाही विचार करायला लावणारं होतं, हे शोधकर्त्यांनीच सांगितलं. कोणी काही दडवलं नाही.

मग लर्नर बरोबर आहेत का? त्यांच्या गणितात एक गृहीतक दडलं आहे. ते धरून चालतात की द्रव्य आधी अगदी एकसारखं पसरलेलं होतं आणि मग महासमूहाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलं. पण पावसाळ्यात ताम्हिणीत काय होतं? ओढ्याला पूर येतो तो कोकणातून पाणी चालत आल्यामुळे नाही. पाऊस सगळीकडेच पडतो, आणि प्रत्येक ओढ्याला शेजारच्या उतारावरचं पाणी मिळतं. उतार आधीपासून होते, एवढंच. विश्वातही असे उतार, घनतेतले बारीक फरक, सुरुवातीपासून होते का, हा खरा प्रश्न. पुस्तक आलं १९९१ मध्ये. १९९२ मध्ये कोबे उपग्रहाने ते फरक प्रत्यक्ष दाखवले: एक लाखात एक इतके. म्हणजे पुस्तकाची शाई वाळते न वाळते तोच. त्यानंतरच्या आवृत्त्यांना हे गिळून पुढे जाणं सोपं नव्हतं.

आता मी प्लाझ्माच्या बाजूने बोलणार आहे. कारण विश्वाच्या मोठ्या रचनेत प्लाझ्माला खरंच एक भूमिका आहे, आणि ती प्लाझ्मावाद्यांनी सांगितलेल्या भूमिकेपेक्षा मला कितीतरी सुंदर वाटते.

पहिली सुमारे ३ लाख ८० हजार वर्षं सगळं विश्व प्लाझ्मा होतं. सगळं, एकही अपवाद नाही. प्रकाश सुट्या इलेक्ट्रॉनवर आपटत राहायचा, त्यामुळे प्रकाश आणि द्रव्य एकमेकांत अडकलेले. जिथे घनता थोडी जास्त, तिथे गुरुत्वाकर्षण आत ओढणार आणि प्रकाशाचा दाब बाहेर ढकलणार. या रस्सीखेचीतून लहर उठते. हवेत जशी ध्वनिलहर असते तशीच, फक्त तिचा वेग प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त. मग विश्व पसरत थंड होत गेलं. किती थंड झाल्यावर अणू टिकू लागतील? हायड्रोजनमधून इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जेवरून वाटतं की दीड लाख अंश. पण प्रत्येक अणुकेंद्रामागे प्रकाशाचे अब्जावधी कण होते. साहांच्या सूत्रात ते घातलं की उत्तर येतं सुमारे ३ हजार अंश. १९२० साली ताऱ्यांसाठी लिहिलेलं सूत्र विश्वाच्या या वळणाला लागू पडतं, आणि ते सूत्र आपल्या माणसाचं आहे, हे मला दरवेळी सांगावंसं वाटतं.

त्या क्षणी प्लाझ्मा संपला, प्रकाश सुटला, आणि लहर जिथे पोचली होती तिथेच थबकली. तिचा ठसा द्रव्यात राहिला. विश्व पसरलं तसा ठसाही पसरला. त्या हिशेबाने आज एका दीर्घिकेपासून सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांवर दुसरी दीर्घिका सापडण्याची शक्यता किंचित जास्त असायला हवी. २००५ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी हजारो दीर्घिका मोजून ती किंचित वाढ दाखवली. आज तीच लांबी विश्वाचा प्रसार मोजायची पट्टी म्हणून वापरतात. प्लाझ्मा मेला तेव्हा त्याने आपली सही करून ठेवली, आणि ती सही आपण वाचतो आहोत. 'प्लाझ्माला प्रचलित विश्वशास्त्रात जागा नाही' असं म्हणणाऱ्याने हे प्रकरण वाचलेलं नसतं.

दुसरीही एक गोष्ट. साधं द्रव्य किती असायला हवं याचा हिशेब होता, पण जवळच्या विश्वात मोजलं तर बराच भाग सापडत नव्हता. संशय होता की तो तंतूंमध्ये अतिविरळ, तप्त प्लाझ्माच्या रूपात आहे. दशकभरापूर्वीपासून तो सापडू लागला. एका पद्धतीत दीर्घिकांच्या लाखो जोड्यांमधल्या मोकळ्या जागांचे संकेत एकावर एक रचले. दुसरी पद्धत २०२० ची: दूरच्या दीर्घिकांतून येणारे, सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते टिकणारे रेडिओ स्फोट वाटेतल्या इलेक्ट्रॉनमुळे किती पसरतात ते मोजलं. हरवलेलं द्रव्य प्लाझ्मामुळेच सापडलं. इथे प्लाझ्मा तंतू विणत नाही. तंतूत साठतो आणि तंतू दाखवतो. जलाशयाचं पाणी दरीचा आकार दाखवतं तसं.

या जलाशयाच्या उपमेला एक भोक आहे, ते मीच दाखवतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की दरीचा तळ दिसतो, त्यावर चालत जाता येतं. कृष्णद्रव्याच्या दरीत अजून कोणी चाललेलं नाही. जमिनीखालच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं टाक्या भरून बसले आहेत. त्याचा कण हाती आलेला नाही. प्लाझ्मावादी यावर बोट ठेवतात, ते ठेवायलाच हवं. आणि लोकप्रिय विज्ञानलेखकांनाही थोडं सुनवायला हवं. जांभळ्या रंगाचं विश्वजाल दाखवणारं ते प्रसिद्ध चित्र तुम्ही पाहिलं असेल. अनेक लेखांत ते छायाचित्र असल्यासारखं छापतात. ते संगणकातलं गणित आहे, २००५ चं, आणि त्यात फक्त कृष्णद्रव्य होतं. वायू नव्हता, प्लाझ्मा नव्हता. कोणाला वाटलं की प्लाझ्मा वगळला, तर त्याचा दोष वाचकाचा नाही. पुढच्या गणितांत वायू आला, आणि २०१८ च्या आसपासच्या 'इलस्ट्रिसटीएनजी' या गणितात चुंबकीय क्षेत्रही आलं, आल्फ्वेन यांनीच पाया घातलेल्या शास्त्राची समीकरणं वापरून. मोठं जाळं तसंच राहिलं. फरक पडला तो दीर्घिका आणि समूहांच्या आत. आल्फ्वेन यांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, की तुम्ही क्षेत्ररेषा प्लाझ्मात गोठलेल्या धरता, आणि तेच गृहीतक बरोबर नाही. नोबेल व्याख्यानात त्यांनी याबद्दल बजावलंच होतं. आक्षेप गंभीर आहे. पण त्या आक्षेपातून ५० कोटी प्रकाशवर्षांची ती लांबी कोणी काढून दाखवलेली नाही.

मे २००४ मध्ये 'न्यू सायंटिस्ट'मध्ये एक अनावृत पत्र प्रसिद्ध झालं. महास्फोटाचा सिद्धांत कल्पित गोष्टींच्या टेकूवर उभा आहे, आणि निधी व निरीक्षणवेळ फक्त त्यालाच मिळते, अशी तक्रार त्यात होती. सह्या करणाऱ्यांत लर्नर होते, आणि आपले जयंत नारळीकरही होते. हे सांगून मला काही श्रोते विचारतात, नारळीकर ज्या बाजूला, त्या बाजूला तुम्ही का नाही?

त्यांचं नाव असं वापरणं मला खटकतं. गेल्या वर्षी, २० मे २०२५ ला, ते गेले. त्यांनी हॉइल आणि बर्बिज यांच्याबरोबर १९९३ मध्ये मांडलेली कल्पना प्लाझ्मावाद नव्हती. ती गुरुत्वाकर्षणाचीच उपपत्ती होती, अर्धस्थिर विश्वाची. पत्रात दोन वेगळे विरोधक एका शत्रूविरुद्ध एकत्र आले होते, एवढंच. विरोध समान असला म्हणून मत समान होत नाही. आणि विरोध करावा कसा, हे नारळीकरांकडून शिकावं. पार्श्वभूमीच्या सूक्ष्मलहरी कुठून आल्या, तर ताऱ्यांचा प्रकाश लोहाच्या सूक्ष्म सुयांनी शोषून पुन्हा सोडला म्हणून, असं ते म्हणाले. सुया किती लांबीच्या, किती प्रमाणात, हे सगळं लिहून दिलं, म्हणजे कोणी चूक ठरवायला आलं तर त्याला हत्यार आयतं हातात. बहुतेकांनी ती उपपत्ती स्वीकारली नाही, आणि त्यामागे निरीक्षणं आहेत.

आता त्या पत्रातल्या तक्रारीकडे पाहा, आणि मग आयुकाकडे पाहा. संस्थेचे संस्थापक संचालक महास्फोट न मानणारे. त्याच इमारतीत थानू पद्मनाभन, ज्यांनी विश्वाच्या रचनानिर्मितीवर १९९३ मध्ये केंब्रिजकडून पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केलं, कृष्णद्रव्य आणि महास्फोट धरूनच. त्याच इमारतीत तरुण सौरदीप, ज्यांनी पार्श्वभूमीच्या सूक्ष्मलहरींवर काम केलं. ज्यांना मतभेदाची गळचेपी पाहायची आहे त्यांनी एकदा ही उलटी बाजूही पाहावी. संचालकांच्या मताविरुद्ध काम करणाऱ्यांना तिथे खोल्या होत्या, विद्यार्थी होते.

*(श्रोत्यांतून प्रश्न: मग प्लाझ्मावाद चूक ठरायला किंवा बरोबर ठरायला नेमकं काय दिसायला हवं?)*

चांगला प्रश्न, हाच मला हवा होता. तंतूंमधलं चुंबकीय क्षेत्र मोजणं हे उत्तर. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत 'स्क्वेअर किलोमीटर ॲरे' उभी राहते आहे, विश्वातल्या चुंबकीय क्षेत्रांचा नकाशा काढणं हे तिच्या प्रमुख कामांपैकी एक. भारताने त्यात सहभागासाठी १२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत, आणि आपल्याकडची धुरा पुण्याचं एनसीआरए सांभाळतं. त्या नकाशात तंतूंमधलं क्षेत्र आजच्या अंदाजाच्या हजारपट निघालं, आणि त्या क्षेत्रातून ५० कोटी प्रकाशवर्षांचा ठसा कोणी गणिताने काढून दाखवला, तर मी इथे येऊन याच विषयावर दुसरं व्याख्यान देईन. यातलं एकच झालं तर पुरणार नाही. दोन्ही व्हायला हवं. पुढचा प्रश्न कोणाचा आहे? मागे हात वर आहे त्यांचा घेऊ.